थोरल्यांचे पाय सरळ जाहले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामी साह्य असो, आणि ज्या हाताने मुक्या जिवास वेळेवर चारिले व वेळेवर आवरिलेही, त्या हातास लिहिणाराचा आधी दंडवत असो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, तेथून पुढे या राज्यात जे वर्तले ते काही डोळां देखिले, काही कानी ऐकिले, आणि काही, सांगावयास लाज वाटते, स्वहस्ते केले. ते सर्व हातचे न राखिता लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान, किल्ला एक, पायऱ्या तीनशे, आणि माणसे स्वतः पोटभर जेवणारी व दुसऱ्यास पोट फुटेतो जेवू घालणारी, इतकी ओळख पुरे.

ते समयी श्रीमंत महाराज मोठ्या ज्वरातून नुकते उठले होते. दुखण्यात महाराजांनी कुलस्वामीस नवस केला होता जे, आपण बरे जाहलो तर वाड्यात जी पहिली भेट येईल तिची येत्या दसऱ्यापर्यंत दर पौर्णिमेस देवापुढे गुळाची तुला करू आणि तो गूळ रयतेस वाटू. सर्वांस वाटले, कोणी शालजोडी आणील, कोणी नारळाचे पोते आणील. आणि आले काय, तर बंदरावरील टोपीकराने पाठविलेले कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिलू. सोबत पत्र होते, त्यात लिहिले होते जे, "ही जात आमचे देशी वासराएवढी उंच होते. तुमचे मुलखी हिला वाढविणे अद्याप कोणास साधले नाही, पाय वाकून जनावर फुकट जाते. तुम्हास साधले तर दसऱ्यास आमचा वकील येऊन पाहील." पत्र वाचिताच दरबाराच्या नाकास मिरच्या झोंबल्या. मग पिलू सदरेवर सोडिले, तो पंजे भाकरीएवढे, आणि कातडे ऐसे ढिले की थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याने घातला आहे. महाराज आजारानंतर प्रथमच हसले आणि म्हणाले, "यांचे नाव थोरले." महाराजांनीच आदराने बोलाविले म्हटल्यावर सर्वांस तैसेच बोलणे प्राप्त जाहले, थोरले निजले, थोरले शिंकले, थोरल्यांनी दिवाणांच्या जोड्यात लघुशंका केली, ऐसे लिहिणारानेच रोजनिशीत लिहिले आहे. थोरल्यांच्या सांभाळास सगुणाबाई हटकर म्हणोन धनगरीण नेमिली. तीस वर्षे तिने किल्ल्याच्या मेंढ्या आणि मेंढ्यांमागची कुत्री वाढविली होती. घरधनी मागेच गेला, मूलबाळ नाही, मेंढवाड्याशेजारी खोपी तेवढी तिची. बोलणे थोडे आणि तेही तोंडावर.

मग पौष पौर्णिमेस पहिली तुला जाहली. एका पारड्यात थोरले, दुसऱ्यात गूळ. आणि गूळ वाटिला तो घरोघरी सुपारीएवढा खडा आला. तेव्हा आमच्या राज्यातील लोकांनी जो विचार केला तो आम्हीच करू जाणो. कोणी कोणास बोलिले नाही, परंतु सर्वांचे एकच ठरले जे, थोरले जड जाहले म्हणजे गूळ वाढेल, आणि तितके देवाचेही होईल. मग काय विचारता. मुदपाकखान्यातून तूपभात येऊ लागला, गवळणी दुधाच्या चरव्या आणू लागल्या, आईसाहेबांकडून पेढे, शिलेदारांकडून मटणाचे तुकडे, आणि हा लिहिणारा, ज्याने आयुष्यात कोणास फुकट दाणा दिला नाही, तो बाहीत साजूक तुपाचे लाडू लपवून सदरेच्या मागल्या दाराने जात असे. सगुणाबाई दिवसातून तीन वेळ बेताचे चारी आणि आम्ही उरलेल्या सर्व वेळी चारीत असू. शिवाय शिलेदारांनी थोरल्यांस सदरेच्या ओट्यावरून खाली उडी मारावयास शिकविले, उडीमागे एक पेढा. दिवाण अंताजीपंत यांनी आज्ञा केली जे, पाय मजबूत व्हावे म्हणोन रोज सकाळी तीनशे पायऱ्या उतरवून चढवाव्या. सगुणाबाईने हात जोडून नको म्हटले, ते कोणी मनावर घेतले नाही. माघ पौर्णिमेस गूळ दुप्पट जाहला, फाल्गुनात तिप्पट, आणि रयत थोरल्यांचा जयजयकार करीत घरी गेली.

चैत्र लागला आणि सगुणाबाईच्या जिवाचे पाणी पाणी होऊ लागले. थोरल्यांचे पुढचे पाय मनगटापाशी वाकले, पंजे बाहेर फिरले, आणि निजून उठताना कण्हत, मग दोन पावले चालून पुन्हा बसत. रंगभट वैद्यांस बोलाविले. त्यांनी पाय चाचपून पाहिले आणि हाडे मऊ आहेत म्हणोन शंखभस्म दुधातून तीन वेळ सांगितले. आठ दिवस दिले, तो थोरले अधिकच मंदावले. मग सगुणाबाई कोणी न बोलावता भर दरबारात आली आणि थोरल्यांस घोंगडीवर निजवून उभी राहिली. महाराजांनी पुसिले, "बाई, उणे काय पडले? मागाल ते देऊ."

सगुणाबाई बोलिली, "उणं काय बी न्हाई, म्हाराज, लई झालंय. अंग म्होरं पळतंय आन् हाडं मागं ऱ्हायल्यात. आपलं साधं कुत्रं वरसात पुरं व्हतं, ह्येला दोन वरसं लागत्यात. घाई त्याला न्हाई, आपल्याला हाय."

रंगभट रागावून बोलिले, "हाडे मऊ म्हणोनच भस्म देतो. पुढे दुप्पट देऊ."

"भटजीबाबा, जेवनात त्येच्या हाडाला लागंल येवढं हाये," ती म्हणाली. "वरनं चुना वतून भिंत बांधत्यात, पाय न्हाई."

दिवाण म्हणाले, "दसऱ्यास टोपीकराचा वकील येणार. त्याच्या समोर थोरले लंगडले तर राज्याची शोभा होईल. त्याचा जबाब कोण देईल?"

"म्या देईन," सगुणाबाई म्हणाली. "दसऱ्याला ह्यो चारी पायांवर सरळ चालला न्हाई तर किल्ला सोडून जाईन, परत त्वांड दावनार न्हाई. पर तवर माझ्याबिगर कुनी त्याला घास देऊ नगा, उडी मारू देऊ नगा, पायऱ्या दावू नगा. आन् भस्म बंद." ऐसे म्हणोन तिने महाराजांचा हात धरिला, हे पाहून भालदार पुढे सरसावला, आणि तो हात थोरल्यांच्या कुशीवर ठेविला. "बरगडी डोळ्याला दिसू नये, पर हाताला लागावी. आता लागती का?" महाराजांनी पुष्कळ चाचपिले, लागली नाही. मग महाराज खाली मान घालून बोलिले, "बाई सांगेल तैसे करा." लिहिणाराने हुकूम लिहिला, शिक्का केला, आणि त्याच दिवशी दुपारी लाडू घेऊन मागल्या दाराने गेला. काय सांगावे, थोरले मान वाकडी करून पाहत, आणि मन राहवत नसे.

सगुणाबाई तेथेच बसली होती. ती रागे भरली नाही. म्हणाली, "चिटनीसबाबा, हात दावा." दाखविला. तिने बाही हुंगिली आणि म्हणाली, "तुमी लाड करतायसा म्हून तुमचं नाव त्याच्या ध्यानात ऱ्हाईल. आन् मला किल्ला सोडावा लागंल." मग थोरल्यांस उठविले. ते उठले, कण्हले, लिहिणाराकडे येण्यास दोन पावले चालले आणि वाटेत बसले. तेव्हा लाडू कोठे टाकिले हे आजपर्यंत ठाऊक नाही. तेथेच बसून रडलो आणि कबूल केले जे, मी एकटा नाही, अवघा किल्ला चारितो. ती म्हणाली, ठाऊक आहे.

मग वैशाख पौर्णिमेची तुला जाहली. थोरले फारसे वाढले नव्हते, गूळ फारसा वाढला नाही, आणि रयत पुटपुटू लागली, आणि चोरून चारणे पुन्हा सुरू होईल ऐसे दिसले. तेव्हा सगुणाबाई महाराजांकडे गेली आणि म्हणाली, "लोकं वाईट न्हाईत, म्हाराज. गूळ वाढावा येवढीच हाव. तुमी नवस मोडू नगा, पर पारड्यात ह्याच्यासंगं आनिक कुनीतरी बसवा. मग ह्याच्या वजनाकडं कुनाचं ध्यान ऱ्हानार न्हाई." महाराजांनी ते मानिले आणि ज्येष्ठ पौर्णिमेस देवास नमस्कार करून स्वतःच पारड्यात जाऊन बसले, आणि थोरल्यांस मांडीवर घेतले. काटा करकरला. गूळ ओतिता ओतिता भारवाहकांच्या कमरा दुखल्या, आणि घरोघरी ढेपेचा तुकडा गेला. त्या दिवसापासून थोरल्यांस कोणी चोरून एक शीत दिले नाही. अवघी रयत महाराजांस चारू लागली. महाराज जेथे जात तेथे पाट मांडिलेला, ताट वाढलेले, आणि आणखी एक पुरणपोळी म्हणोन आग्रह. आषाढात अंगरख्याचे बंद तुटले. आईसाहेब म्हणाल्या, "आता आपल्या बरगडीवर हात ठेवावयास सगुणाबाईंस बोलावू काय?" महाराज हसत आणि जेवीत. थोरल्यांसाठी ज्याने आपले पोट ऐसे पुढे केले, त्या धन्याचे आम्ही अन्न खाल्ले, याचे सुख आजही वाटते.

इकडे सगुणाबाईचा कारभार चालिला होता तो असा. सकाळ, दुपार, सांज, तीन वेळ मापून जेवण; मऊ गवतावर थोडे चालणे, आणि थोरले आपण होऊन बसले की थांबणे; मग निद्रा, आणि निद्रेत कोणी हाक मारावयाची नाही. सदरेच्या गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकत, म्हणोन तिने मेंढवाड्यातून घोंगड्या आणून अंथरिल्या. दरबारास मेंढ्यांचा वास येऊ लागला, दिवाण नाकास उपरणे लावून बसत, परंतु बोलत नसत. दर आठवड्यास ती एका दोरीने पायाची जाडी आणि उंची मापी आणि बरगडीवर हात ठेवी. बरगडी अधिक बुडाली तर घास कमी करी, वर दिसू लागली तर वाढवी. श्रावणात पंजे पुढे वळू लागले. भाद्रपदात थोरले न कण्हता उठले. ते पहिल्याने रंगभटांनी पाहिले, आणि ते वृद्ध गृहस्थ सगुणाबाईच्या खोपीपर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "बाई, आम्ही रोग्यांचे वैद्य. हा रोगी नव्हता, वाढत होता. आम्हास कळले नाही." ती म्हणाली, "बसा, भटजीबाबा, ताक घ्या." दोघे ताक प्याले. लिहिणारानेही घेतले.

मग शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, दसरा आला. सीमोल्लंघनास किल्ल्याखाली आपट्याच्या झाडापर्यंत अर्धा कोस जाणे. टोपीकराचा वकील पायथ्याशी येऊन उभा राहिला होता. थोरले एक वर्षाचे, वासराएवढे उंच, अंगाने सडपातळ, ते पाहून काही शिलेदार म्हणाले, "हाडेच दिसतात, वकील हसेल." मग पालखी निघण्याचा समय जाहला, तो सगुणाबाई आडवी उभी. "ह्यो खाली चालंल. पायऱ्या उतरनार न्हाई. अजून हाडं पुरी व्हायची हायेत." दिवाणांनी कपाळाला हात लाविला, कारण वकिलास ताटकळत ठेवणे बरे नव्हे, आणि इतके मोठे जनावर उचलणार कोण. महाराज पालखीत बसले होते. ते उतरले, आणि म्हणाले, "थोरल्यांस बसवा." मग आठ भोयांनी पालखी उचलिली, थोरले आत, मान बाहेर, जीभ लोंबत, आणि मागे राज्याचे धनी तीनशे पायऱ्या पायी, गुळाच्या पोटामुळे धापा टाकीत, जागोजाग थांबत. रयतेने तोंडात बोटे घातली. पायथ्याशी पालखी टेकिली. थोरले उतरले, अंग झाडिले, आणि चालू लागले.

सगुणाबाई अनवाणी त्यांच्या बाजूने चालली. तिने ना वकील पाहिला, ना महाराज, ना नगारे ऐकिले. तिची दृष्टी त्या चार पंजांवर. पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, अर्धा कोस जाणे आणि अर्धा कोस येणे, कोठे एक पाऊल वाकडे पडले नाही. परतून आल्यावर वकील गुडघ्यावर बसला, थोरल्यांचे पाय कोपरापासून पंजापर्यंत दाबून पाहिले, आणि दुभाष्याकरवी पुसिले, "हे कोणी वाढविले?" दिवाण अंताजीपंत पुढे जाहले. आम्हास वाटले राज्याचे नाव घेतील. ते म्हणाले, "या बाईने. आम्ही फक्त बिघडविले होते." मग वकिलाने सगुणाबाईपुढे टोपी काढिली. आणि तिने डोळ्यांस पदर लाविला. सहा महिने जी बाई आपल्या चिरगुटांचे गाठोडे खोपीच्या दारात बांधून ठेवून होती, ती त्या दिवशी सर्वांदेखत रडली.

महाराज बोलिले, "बाई, जमीन मागा, सोन्याची कडी मागा, आज नाही म्हणणार नाही."

सगुणाबाई थोरल्यांची पाठ चोळीत होती. म्हणाली, "उद्या कुनी भेटाया येऊ नगा. पोरगं दमलंय. निजू द्या."

 महाराजांनी लिहिणारास लिहा म्हणोन खुणाविले. लिहिणाराने आयुष्यात पुष्कळ हुकूम लिहिले, ते लोकांनी अर्धे पाळिले, अर्धे विसरिले. हा एक हुकूम अवघ्या किल्ल्याने पाळिला. दुसरे दिवशी दिवाणांनी जोडे हातात घेतले, रंगभटांनी खलात काही कुटले नाही, नगारा वाजला नाही, आणि सूर्य माथ्यावर येईतो थोरले सदरेवरील घोंगडीवर निजले. सगुणाबाई उशाशी बसून राहिली आणि तीही बसल्या बसल्या निजली, तिला कोणी उठविले नाही.

एवंच, खरनाम संवत्सरी आलेले पिलू पुढे दोन वर्षांचे होऊन पुरे वाढले, आणि कधी लंगडले नाही. राज्याने मुलूख जिंकिला नाही, तोफ ओतिली नाही. एक जीव घाई न करिता वाढविला, इतकेच जाहले, आणि ते सगुणाबाई हटकर हिने केले. तिचे आम्हावर उपकार आहेत. लेखनसीमा.