चाळीस किलो दाबाची मुलगी

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत श्रीधररावांच्या वाल्वच्या कारखान्यात १९९६ साली पाच कॉम्प्युटर होते आणि एक अनुसूया होती. कारखान्याच्या सगळ्या फायली एका मोठ्या डिस्कवर असत आणि ती डिस्क अनुसूयाच्या कॉम्प्युटरात होती. कुणाला फाईल हवी असो की ठेवायची असो, ती अनुसूयाच्या हातून जायची, आणि जाताना अनुसूया ती वाचायची.

"वाचल्याशिवाय ठेवू कुठं अण्णा?" ती श्रीधररावांना म्हणायची. "कुठल्या खणात काय घालायचं ते कळायला नको?"

एरवी श्रीधररावांची हरकत नव्हती. पण त्यांना आपल्या मुलीची, भार्गवीची, स्थळांना पाठवायची माहिती टाईप करायची होती. भार्गवी सव्वीस वर्षांची, इंजिनियर, याच कारखान्यात वाल्व तपासायची. लग्नाचा विषय निघाला की ती हातातला पाना खाली न ठेवताच बोलायची, त्यामुळे माहिती तिच्या नकळत पाठवणं भाग होतं. अनुसूयाला एकदा कळलं, की भार्गवीला जेवणाच्या सुट्टीत कळणार आणि बेंगळुरातल्या समस्त मराठी मंडळींना संध्याकाळी.

त्यांनी पुण्याहून नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवाल्या हर्षला केबिनमध्ये बोलावलं.

"काय हो, ही मधली बाई... म्हणजे ही मधली पायरी काढता येईल का?"

"एकदम सिंपल सर!" हर्ष खूश झाला. "डिस्क बाहेर काढू, डब्यात बसवू आणि पाचही मशीनना डायरेक्ट जोडू. मधे कुणी नाही. प्रत्येक मशीनला वाटेल, डिस्क आपलीच आहे."

"वाटू दे की," श्रीधरराव म्हणाले.

दोन दिवसांत डबा बसला. अनुसूया एका शब्दानेही भांडली नाही. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच कानडीत म्हणाली. "आता वाचणं माझं काम नाही. म्हणजे मी वाचणार नाही." त्या दिवसापासून ती टपालाचे कागदसुद्धा छताकडे बघत पाकिटात घालू लागली.

गुरुवारी सकाळी श्रीधररावांनी दार लावून भार्गवीची माहिती इंग्रजीत टाईप केली आणि डिस्कवर ठेवली. त्याच मिनिटाला पलीकडच्या खोलीत भार्गवीने होसकोट्याच्या एका गिऱ्हाइकासाठी वाल्वचं तपासणीपत्र लिहून डिस्कवर ठेवलं. दुपारी दोन्ही कागद छापले गेले. श्रीधररावांनी आपला कागद प्रिंटरमधून निघतानाच घडी घालून खिशात लपवला आणि के. आर. पुरमच्या तुंगाबाईंच्या नावाने पोस्टात टाकला. तुंगाबाईंचा मुलगा प्राणेश बँकेत होता. दुसरा कागद अनुसूयाने छताच्या साक्षीने होसकोट्याला रवाना केला.

सोमवारी सकाळी होसकोट्याहून फॅक्स आला. पाठवणारे बसवंत, तिथल्या कारखान्याचे तपासनीस.

'आपल्या पत्रानुसार आपला दोन इंची वाल्व पाच फूट तीन इंच उंच, गव्हाळ, मनमिळाऊ व शास्त्रीय गायनाची आवड असलेला आहे. रंगाला व स्वभावाला आमची हरकत नाही. उंचीचा खुलासा करावा. गायन तपासण्यास आज अकरा वाजता येत आहे. समाधान न झाल्यास चाळीसही वाल्व परत.'

श्रीधररावांनी फॅक्स दोनदा वाचला आणि हर्षला हाक मारली. हर्षने डिस्क उघडली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा पुण्याचा तजेला उतरला.

"सर, एस्टीत दोन खिडक्यांतून दोघांनी एकाच सीटवर रुमाल टाकावा ना, तसं झालंय. जागा रिकामी आहे हे दोन्ही मशीनना दिसलं. दुसऱ्यानेही तीच धरलीय, हे कुणालाच दिसलं नाही. सांगायला मधे कुणी नव्हतं."

"म्हणजे पोरीची माहिती वाल्वमध्ये गेली?"

"हो सर."

"मग वाल्वची कुठं गेली?" एवढं विचारता विचारता श्रीधरराव खाली बसले. हर्षने पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: 'कुमारी भार्गवी, ओतीव पोलाद. चाळीस किलो दाबाखाली दहा मिनिटे ठेवून तपासली. गळती आढळली नाही. पाहणीसाठी सोमवारी पीण्याच्या कारखान्यात यावे. ग्राहकाने सही केल्यावर माल परत घेतला जाणार नाही.'

त्यांनी तुंगाबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. "त्या तर सकाळीच निघाल्या की," शेजारी म्हणाले. "मुलाला घेऊन. आणि चष्मा दोनदा पुसून."

श्रीधररावांनी तिथल्या तिथे पाचही केबली उपटल्या आणि डिस्क अनुसूयाच्या टेबलावर नेऊन ठेवली. "अक्का, तू वाच," ते म्हणाले. "सगळं वाच. माझी पत्रं पण वाच." अनुसूया स्वल्प आढेवेढे घेऊन वाचायला बसली, आणि पाच मिनिटांत भार्गवीला सगळं कळलं.

भार्गवी पाना घेऊन केबिनमध्ये आली आणि तेवढ्यात फाटकाशी दोन रिक्षा थांबल्या. एकीतून बसवंत उतरले, दुसरीतून तुंगाबाई आणि प्राणेश.

"आधी गायन," बसवंत घड्याळ बघत म्हणाले.

"अहो, ती टायपिंगची चूक आहे," श्रीधररावांनी हात जोडले.

"असेल. पण कागदावर आहे ना? कागदावर असलेलं मला तपासावंच लागतं. नाही गायला तर नाही गायला असं लिहितो, माल परत."

भार्गवीने एकदा वडिलांकडे पाहिलं. चाळीस वाल्व परत आले तर काय होईल ते तिला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. तिने एक वाल्व हवेच्या नळाला जोडला आणि किंचित उघडला. बारीक, लांब सूर निघाला. बसवंतांनी कान लावला.

"आवाज आहे. पण शास्त्रीय आहे का?"

मग मागून प्राणेश हळूच म्हणाला, "काफी राग वाटतोय. जरा अजून उघडा... हां. कोमल गंधार लागला बघा."

"सरी," म्हणत बसवंतांनी सही केली. जाताना वाल्वला एकदा थोपटलंही.

आता तुंगाबाई पुढे झाल्या. "मला गाणं नको," त्या म्हणाल्या. "बारा मुली बघितल्या. सगळ्यांच्या कागदावर मनमिळाऊ. दाब किती सोसते हे पहिल्यांदाच कुणीतरी खरं लिहिलं. माझ्या घरात दाब आहे, मी लपवत नाही. सही कुठं करू?"

"अहो ताई, ते वाल्वचं होतं!" श्रीधरराव कळवळले.

"असू द्या. मला पटलं."

"थांबा," भार्गवी म्हणाली. तिने पाना टेबलावर ठेवला. श्रीधररावांनी हे आयुष्यात प्रथमच पाहिलं. "आमच्याकडे नुसता वाल्व तपासून पास करत नाहीत. ज्याला जोडायचा तो पाइपही तपासतो. नाहीतर वाल्व धड राहतो आणि पाइप फुटतो." मग ती प्राणेशकडे वळली. "कँटीनमध्ये चला. दहा मिनिटं."

तुंगाबाई त्याच्याबरोबर निघाल्या, तर तिने त्यांना नम्रपणे खुर्ची दिली.

दहाची वीस मिनिटं झाली, मग पस्तीस. श्रीधररावांनी दोनदा कॉफी मागवली. तुंगाबाईंनी ती दोन्ही वेळा न पिता थंड केली. अखेर प्राणेश एकटाच परत आला. कान लाल, कपाळावर घाम.

"काय विचारलं रे तिनं?"

"मी आजपर्यंत स्वतः ठरवलेली एक गोष्ट सांगा म्हणाली."

"मग?"

"पहिला अर्धा तास काही आठवलं नाही."

"बघा!" तुंगाबाई श्रीधररावांना म्हणाल्या. "पोरगा साधा आहे. आणि मग?"

"मग तिथंच एक ठरवली," प्राणेश रुमालाने कान पुसत म्हणाला. "येत्या रविवारी मी पुन्हा इथं येणार आहे. आई, तू घरी थांब."