लिमयेकाकांचे गाल

लिफ्टमधली पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय आत पाय न ठेवणारा आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत एकच माणूस आहे, तो म्हणजे लिमयेकाका. नुसते वाचत नाहीत, मागच्या माणसाकडून होकारही घेतात. "चार व्यक्ती. आपण किती? दोन. ठीक." मग बटण. ज्याला घाई असेल त्याने जिना वापरावा. मी वापरते.

काकांची हयात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. "सूचना न वाचणारा माणूस आमच्याकडे निवृत्त होत नसे," एवढंच ते सांगतात, बाकीचं आपण समजून घ्यायचं. "वाचल्याशिवाय हात लावायचा नाही" हे त्यांचं पालुपद. नवा कुकर आणला तेव्हा त्याचं माहितीपत्रक वाचून होईपर्यंत घरात स्वयंपाक बंद होता. नलूकाकू तेव्हा चांगल्या होत्या. सरळ माझ्याकडे जेवायला आल्या आणि म्हणाल्या, ह्यांना कुकर समजला की कळवा म्हणावं.

आता काकूंना फारसं काही आठवत नाही. विसरणं हळूहळू वाढत गेलं, तरी नवऱ्याला ओळखत होत्या. मग काका मोठ्या आजारातून उठले ते खोल गेलेले गाल घेऊनच, आणि काकूंच्या लेखी घरात एक परका म्हातारा राहायला आला. भिंतीवरच्या फोटोतल्या गुबगुबीत गालांच्या माणसाकडे बोट दाखवून त्या काकांनाच सांगायच्या, "हे आमचे. येतीलच एवढ्यात. तुम्ही निघा आता." एकदा तर त्यांना बाहेर काढून आतून कडी घातली. काका दोन तास माझ्याकडे बसून होते. चहासुद्धा घेतला नाही.

मुलगा कॅनडात. त्याने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, आई अशी घाबरत असेल तर तिला वाघोलीच्या वृद्धाश्रमात ठेवू, महिनाअखेर मी येतोच आहे. त्याचंही काय चुकलं म्हणा. पण काका त्या दिवसापासून नीट जेवेनात.

आणि एका सकाळी दारात उभे. "उज्ज्वला, गालात इंजेक्शन देऊन गाल भरून देतात, मी सगळं वाचलंय. तू बरोबर चल." मला हसू आलं. मग त्यांच्या हातातली उशीची खोळ दिसली, तिच्यात तो भिंतीवरचा फोटो होता, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

डॉक्टर तरुण होत्या. फोटो बघून आदराने म्हणाल्या, "हे आपले बंधू का?" काका म्हणाले, "मीच. असं करा."

बाईंनी शांतपणे समजावलं. कातडीखाली जेल भरायचं, आधी बधिर करणारं मलम लावायचं, तरी टोचणार. मग काही दिवस सूज, काळंनिळं होणं. गाल दाबायचा नाही, चोळायचा नाही, शेकायचा तर मुळीच नाही. साधारण वर्षभराने जेल विरघळत जातं. क्वचित ते रक्तवाहिनीत जातं. फार दुखलं, कातडी पांढरी पडली, नजर अंधुक झाली तर त्याच क्षणी परत यायचं. काकांनी एकेक सूचना दोनदा म्हणवून घेतली. बाहेर ताटकळलेल्या मुली आत डोकवायला लागल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बायको ओळखेल का?"

"काका, गाल भरतील," बाई म्हणाल्या. "त्यापुढचं मी नाही सांगू शकत."

काकांनी मान डोलावली आणि खुर्चीत मागे टेकले. सुई आत जाताना त्यांनी माझं मनगट असं धरलं की माझी बांगडी रुतली.

रिक्षात दर सिग्नलला ते मला गाल दाखवत होते. "रंग?" "गुलाबी, काका." "नक्की?" घर येईपर्यंत डावा गाल चांगलाच टम्म झाला, खाली निळा डागही उमटला. फोटोतला माणूस राहिला बाजूला, हे तर कुणाचा तरी मार खाऊन आल्यासारखे दिसत होते. एवढा आटापिटा करून आता काकू ह्यांना उंबऱ्याच्या आत तरी घेतील का? वाघोली मला समोर दिसायला लागली.

कामाच्या मंगलबाईंनी दार उघडलं. मागे काकू. त्या बघत राहिल्या. काका उंबऱ्याबाहेरच थांबले. काकू पुढे आल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "सुजली ना दाढ परत? तरी सांगत होते, रात्रीचं एवढं श्रीखंड खाऊ नका."

आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या, तवा ठेवला, फडक्याची घडी करून गरम केली. किती महिन्यांनी गॅसपाशी गेल्या होत्या. मी घाईने म्हणाले, काका, शेकायचं नाही, डॉक्टर बजावून सांगत होत्या. काकांनी चष्मा काढला आणि सुजलेला गाल पुढे केला.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "तू घरी जा."

मी गेले नाही. काकू गाल दाबून दाबून शेकत होत्या, तोंडाने बोलणी चालूच होती, आणि काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. दुखत असणारच. पण ते रडत होते, आणि मीही.

गालाला सुदैवाने काही झालं नाही. आठवड्याभरात सूज उतरली. डॉक्टरबाई आपल्या कामावर खूश झाल्या, गाल हुबेहूब फोटोतले. त्याच संध्याकाळी काकूंनी त्या गालांच्या माणसाला विचारलं, आपण कोणाकडे आलात?

मुलगा येऊन गेला. वाघोलीचं नाव निघालं नाही, कारण आईला बापाची सेवा करताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तोंडात कवळीशिवाय काही नसलेले लिमयेकाका सूज उतरल्यापासून रोज सकाळी जबड्याला रुमाल बांधून दारासमोरच्या खुर्चीत बसतात आणि दाढ दुखते म्हणून कण्हतात.