दुखण्याचा फेरफार

जमीन असो, नाक असो की आजार, माणसाकडे जे येतं ते कुणाकडून तरी येतं. आणि कुणाकडून आलं हे कागदावर चढेपर्यंत ते आलेलंच नसतं. आमचं घराणं या तत्त्वावर उभं आहे.

माझ्या मधल्या भावाची मुलगी वैजयंती, वय सव्वीस, सोलापुरात एका शाळेवर शिकवते. तिचं पोट दर महिन्याला पाच दिवस दुखायचं. दुखायचं म्हणजे ती गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडायची आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल धरायची (टॉवेल सोलापुरी, म्हणून टिकला). अकरा वर्षं हे चाललं. घरानं उपचारात कसूर केली नाही. ओवा बेचाळीस वेळा. गरम पाण्याची पिशवी एकशे सोळा वेळा (दोन फुटल्या). ‘बायकांचं असतंच’ हे औषध किती वेळा दिलं, ते मोजायचं राहून गेलं. ‘लग्न झालं की थांबतं’ असं नऊ जणांनी छातीठोक सांगितलं. त्यांतले सात पुरुष होते.

शेवटी डॉक्टर भार्गवीबाईंनी सोनोग्राफी करून नाव सांगितलं: एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलतीकडेच रुजतं आणि दर महिन्याला तिथंही सुजतं, रक्ताळतं. अंडाशयावर गाठ होती. दुर्बिणीतून काढायची, वीस तारखेला. असं का होतं, हेही बाईंनी समजावलं. इस्ट्रोजेन नावाचा रस शरीर तयार करतं आणि मोडीतही काढतं. काही जणींच्या जनुकांत बारीक फरक असतो, त्यांचं मोडीत काढण्याचं काम जरा वेगळं चालतं, तिथं धोका थोडा वाढत असावा असं काही अभ्यास म्हणतात. पक्कं अजून कुणालाच सांगता येत नाही. “म्युटेशन म्हणण्याइतकं मोठं नाही हो,” बाई म्हणाल्या.

तिथंच चुकल्या. समोर माझा धाकटा भाऊ रामहरी बसला होता. चौतीस वर्षं तलाठी. म्युटेशन म्हणजे काय, हे तलाठ्याला डॉक्टरनं सांगावं अशी वेळ अजून आलेली नाही. म्युटेशन म्हणजे फेरफार. वारसानं काही आलं की फेरफाराची नोंद पडते.

“बाई, फेरफार हाय म्हणता. मग नोटीस काढली का?”

“कसली नोटीस?”

“बगा! नोंदीचा पत्ता न्हाय आन निघाल्या पोट कापायला.”

फेरफाराला हितसंबंधितांना नोटीस लागते. हरकतीला पंधरा दिवस. वीस तारीख दहाव्या दिवशी येत होती, म्हणून ती बेकायदेशीर ठरली. नोटीस वैजयंतीच्या आजोळी, मंगळवेढ्याला गेली. विषय: इस्ट्रोजेन नीट मोडीत न निघण्याचा दोष वारसाने प्राप्त झालेबाबत.

आमच्या घरी बैठक बसली. आजोळकडून बिभीषणमामा हरकत घेऊन आले. “आमच्याकडं सात बायका. एकीचंबी पोट कदी दुखलं न्हाय.”

“विचारलंवतं का दादा?” अनसूयानं, म्हणजे वैजयंतीच्या आईनं, आपल्या भावाला विचारलं.

“विचारायचं कशाला? दुखलं असतं तर वरडल्या असत्या की.”

हा पुरावा ग्राह्य धरला. मग रामहरीनं आमच्या बाजूनं तोच पुरावा दिला. तोही ग्राह्य धरला.

मी म्हटलं, “रामहरी, माझं दुखायचं. तुझ्या डोळ्यांदेखत दुखायचं. तू माझ्या वाटची भाकर खायचास.”

“अक्का, तू नव्वद सालीच जमिनीवरचं हक्कसोडपत्र दिलंस. तुजं दुखणं धरता येत न्हाय.”

मुद्दा कायद्याला धरून होता. वैजयंतीचा बाप या वेळी हजर होता (पंख्याकडे बघत).

दवाखान्यानं एक माहितीपत्रक दिलं होतं. बैठकीतल्या चार पदवीधरांनी त्याचं शीर्षक वाचलं. मी सगळं वाचलं. अक्षरं मला पन्नाशीनंतर भेटली, त्यामुळे मी त्यांतल्या कुणाला वगळत नाही. जनुकं आई आणि वडील दोघांकडून येतात, असं त्यात होतं. कुणाचाही दोष नाही, असंही होतं. त्याखाली संमतीचा कागद होता आणि त्याची शेवटची ओळ अशी: रुग्ण सज्ञान असल्यास रुग्णाची सही पुरेशी.

ती ओळ मी वैजयंतीला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्या वेळी तिनं पेन मागितलं.

वीस तारखेला सकाळी बैठकीचं दुसरं सत्र सुरू झालं आणि वैजयंती, अनसूया आणि मी रिक्षात बसलो. ऑपरेशन झालं. गाठ लिंबाएवढी होती. घरी ही बातमी दुपारी साडेतीनला कळली, चहा आला नाही तेव्हा.

बैठक मात्र वाया गेली नाही. अनसूया सुनावणीला गैरहजर, सबब तिची हरकत नाही असं समजून दोष आईकडून आल्याचा फेरफार त्याच संध्याकाळी मंजूर झाला (पंधरा दिवसांची अट ऑपरेशनला होती, मंजुरीला नव्हती). मंगळवेढेकर अपिलात जाणार आहेत.

आता वैजयंतीला बघायला माणसं येतात. सफरचंदं आणतात. कोपऱ्यात अनसूयाला गाठून विचारतात, “स्थळं बगायला आता हरकत न्हाय न्हवं? मूलबाळ हुईल म्हणालेत ना?” आजवर एकतीस जण आले. परवा पोरगी म्हणाली, “आत्या, आता दुखतंय का, असं एकानंही कसं विचारलं नाही गं?”

मी म्हटलं, “हे सगळं लिहून काढते. वाचणारी माणसं शिकलेली असतात, ती विचारतील.”

कागद संपत आला. तुम्ही अजून मूलबाळ होईल का, तिथंच अडकला आहात.