लाल गाडीचा तळ

मुद्रितशोधकांनी लाल गाडीच्या मागच्या चाकावरचा पत्रा बोटाने तीनदा वाजवला, तेव्हाच गाडीच्या मालकांच्या कपाळावर आठी पडली.

“हे काय चाललंय?”

“आवाज ऐकतोय.”

“आवाज इंजिनाचा ऐकतात. ते पुढं आहे.”

मालक म्हणजे निवृत्त दंतवैद्य. ही दोन माणसांची, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स कार त्यांनी सव्वीस वर्षं जपली होती. आता गुडघे तिच्यातून बाहेर यायला तयार होईनात, म्हणून नाइलाजाने विकायला काढली होती. इकडे मुद्रितशोधकांना अशी गाडी कॉलेजात असल्यापासून हवी होती. लेक नोकरीला लागली, पन्नाशीही उलटली. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पण दुसऱ्याच्या चुका शोधण्यात हयात गेलेला माणूस गाडी बघतानाही चूकच शोधणार. त्यांनी विजेरी आणली होती आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. शिवाय बायकोही सोबत होती. ती शाळेत कवायत शिकवायची आणि “मी फक्त नाही म्हणायला येतेय,” असं घरूनच बजावून आली होती.

चुंबक दाराला चिकटलं, इंजिनावरच्या झाकणाला चिकटलं. चाकाच्या कमानीवर मात्र ते घसरून खाली पडलं.

“डॉक्टर, इथं पत्रा नाही. पुट्टी आहे.”

“थोडी आहे.”

चुंबक पुढच्या कमानीवरूनही पडलं. मग दाराखालच्या पट्टीवरून पडलं.

“कुणी भरली एवढी?”

“मी,” दंतवैद्य ताठ होत म्हणाले. “स्वतःच्या हातानं. किडलेलं कोरून, स्वच्छ करून, मग भरलंय. या हातानं भरलेलं आजवर कुणाचं निघालेलं नाही.”

“पण गंज आतून वाढतो ना.”

“मला शिकवू नका. तुम्ही गाडी घ्यायला आलात की तिची बेअब्रू करायला?”

मुद्रितशोधकही आता तापले. पैसे देऊन घ्यायची वस्तू बघायचीसुद्धा नाही, हा कुठला न्याय? ते तडक सतरंजी न मागताच जमिनीवर आडवे झाले आणि विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. खालून त्यांचा आवाज येऊ लागला. “इथं पापुद्रे. इथं पण. अरे देवा, इथं तर चाळण झालीय.” प्रत्येक शोधाला दंतवैद्य वरून “डाग आहे तो” किंवा “चिखल असेल” असं उत्तर देत होते.

उभं राहून राहून कवायतवाल्या बाई कंटाळल्या. त्यांनी दार उघडलं आणि चालकाशेजारच्या जागेवर बसण्यासाठी उजवा पाय आत ठेवला. कर्र असा आवाज झाला. पाय गालिच्यासकट तळातून आरपार गेला आणि नवऱ्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

“अगं, ही तुझी चप्पल?” खालून प्रश्न आला.

“आत पायही आहे तिच्यात,” बाई म्हणाल्या. “माझाच आहे.”

पाय वर घ्यावा तर पत्र्याच्या धारा पोटरीला लागत होत्या. शेवटी दंतवैद्यांनी घरातून आपली जुनी हत्यारं आणली आणि धारा एकेक करून वाकवल्या. पाऊण तास ते “दुखलं तर हात वर करा” म्हणत होते आणि बाईंचा हात पूर्ण वेळ वर होता. पाय शाबूत निघाला. एक ओरखडासुद्धा नव्हता. तिथे सगळं मिटलं असतं. पण दंतवैद्यांनी त्या भोकाकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “सव्वीस वर्षांत काही झालं नाही हो. शेवटी वजनाचाही विचार करायला हवा.”

मुद्रितशोधक गाडीखालून बाहेर येत होते, ते अर्ध्यातच थांबले.

“कुणाच्या वजनाचा?” बाईंनी विचारलं.

“मी सर्वसाधारण बोललो.”

“मी रोज सकाळी दोनशे मुलांसमोर उड्या मारते. आजवर शाळेचं मैदान खचलेलं नाही.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “अहो, उठा. गाडी आपण घेतोय.”

“अगं, पण तळ गेलाय तिचा.”

“म्हणूनच घेतोय. इथं राहिली तर हे पुट्टी भरून मोकळे होतील, आणि जन्मभर लोकांना सांगतील की बाईंच्या वजनानं फाटली.”

आठवड्याभरात गाडी टेम्पोवर चढून त्यांच्या दारी आली. पत्राकाम करणाऱ्या कारागिराला बोलावून बाईंनी त्याच्याकडून लिहून घेतलं: तळ गंजून पापडासारखा झाला होता, कुणीही पाय ठेवला असता तरी गेला असता. ‘कुणीही’खाली त्यांनी दोन रेघा मारायला लावल्या आणि चिठ्ठीची प्रत दंतवैद्यांना पाठवली. ते स्वतः येऊन भोकात डोकावून गेले. जाताना म्हणाले, “माझ्याकडे होती तेव्हा असं नव्हतं.”

“मग कारागिराला कधी बोलवू?” मुद्रितशोधकांनी आशेने विचारलं. “एका दिवसाचं काम आहे म्हणतो.”

“ते भोक पुरावा आहे. डॉक्टर लेखी चूक कबूल करेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.”

तेव्हापासून मुद्रितशोधक ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन स्टिअरिंगमागे बसतात. छत उघडलेलं असतं, वाराही छान येतो. आणि शेजारच्या भोकातून गवताची दोन पाती वर येऊन आता सीटला टेकली आहेत.