नानाजींची रायफल जमा करा!

माझं पत्रक वाचून झालं की नानाजी किनखेडे ते मला परत करतात. रद्दीत घालत नाहीत, फेकूनही देत नाहीत. स्वतः चालत येतात, आमच्या फाटकाची कडी वाजवतात आणि हातात देतात. फक्त त्याला भोकं पडलेली असतात.

त्यांच्या गच्चीवर वाळूचं एक पोतं उभं आहे. त्यावर टाचण्यांनी लावलेलं माझं पत्रक असतं आणि समोरच्या कोपऱ्यात छर्ऱ्याची एअर रायफल खांद्याला लावलेले नानाजी.

"कागद चांगला वापरता तुम्ही लोक," एकदा त्यांनी मनापासून दाद दिली. "छर्रा गेला की भोक गोल पडते. त्या दुसऱ्या पार्टीचा कागद नुसताच फाटते. पाह्य, तुया मागणी नंबर तीनच्या बरोबर मधोमध."

मागणी क्रमांक तीन अशी होती: शहरातले खाजगी शस्त्रपरवाने रद्द करा.

ती मागणी आजही आहे. मानेवाड्याच्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या निवृत्त माणसाला रायफल कशाला हवी, हा माझा प्रश्न आहे आणि त्याचं पटण्यासारखं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई विरघळल्या.

नानाजी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. पंचाहत्तरी ओलांडली आहे, काकू जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटेच असतात. एकटे म्हणजे रायफल धरून. छर्ऱ्याची नव्हे, खरी, पॉइंट टू-टूची, परवान्याची. तिला कुणी ‘बंदूक’ म्हटलं तर त्यांना शिवी दिल्यासारखं वाटतं. तरुणपणी स्पर्धांसाठी घेतली होती. ती घरात असताना मालकानं घर सोडून मुक्कामाला जाऊ नये, हा त्यांचा नियम. तिनं आजवर पुठ्ठ्याशिवाय कशाचाही जीव घेतलेला नाही. घरात उंदीर झाले तेव्हा नानाजींनी पिंजरा आणला आणि पकडलेला उंदीर लांब नेऊन सोडला.

"आपलं आपण" हा त्यांचा मंत्र. विहीर आपली आपण उपसायची, लोणचं आपलं आपण घालायचं, केस आपले आपण कापायचे. त्यासाठी एक आरसा डाळिंबाच्या फांदीला लटकतो आणि दुसरा डाव्या हातात असतो. परिणामी मानेवरचे केस कायम उजवीकडे घसरलेले दिसतात.

"नानाजी, ओव्हरसियर असून उतार चुकला?" मी विचारलं.

"चुकला कायले? उतार पाहिजेच. पाणी साचत नाही."

कवळी मोडली तेव्हा त्यांनी ती कानशीनं घासून, डिंक लावून आपली आपण जोडली. तेव्हापासून ‘स’ म्हणताना शिटी वाजते. ‘स्वावलंबन’ हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. आमच्या गल्लीतली कुत्री त्या शब्दाला कान टवकारतात.

राजकारणात ते माझ्या बरोबर विरुद्ध टोकाला आहेत. जुनं ते टिकवावं, कुटुंबात वडीलधाऱ्याचा शब्द चालावा, मुलांना कवायत शिकवावी. "सरकारनं सीमा राखावी, चोर धरावा अन् बाकीचा वेळ गप बसावं." फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या मते माणसाचा कणा मऊ करते. एसटीत त्यांच्या वयाच्या लोकांना तिकीट नाही, पण हे अख्खं तिकीट मागतात आणि कंडक्टरशी भांडतात.

"पोरांले रेंजवर उभं करा," ते म्हणतात. "रायफल रागीट माणसाचं काम नाही. रागीट माणसाची गोळी पहिले खाली जाते, मंग त्याची इज्जत."

"शहरात वाघ येतो का हो नानाजी? कशाला हवं शस्त्र घरात?"

"संविधान रोज उघडते का तू? तरी कपाटात ठेवते ना?"

मी तापते. आवाज चढतो. मग ते तर्जनी वर करतात. "अर्धा श्वास सोड, मंग बोल."

हे नेमबाजीतलं आहे. घोडा दाबण्याआधी श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि उरलेला धरून ठेवायचा, म्हणजे हात हलत नाही. वादात हे ऐकवलं गेलं की माझा उरलेला अर्धाही जातो.

एका विषयावर मात्र मी त्यांना कधीच सोडलेलं नाही. त्यांच्या मुलीनं, माधुरीताईनं, जातीबाहेर लग्न केलं. तेव्हा मी शाळेत होते. नानाजी फाटकात उभे राहून जे बोलले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "माझ्या मर्जीनं माझा पाय तुझ्या दारात पडणार नाही. किनखेड्याचा शब्द आहे." ताई चंद्रपूरला गेली. हे मी त्यांच्या तोंडावर काढलं आहे, दोनदा. जात पाळणाऱ्यानं स्वावलंबनाच्या गप्पा मारू नयेत, असंही म्हटलं आहे. दोन्ही वेळा ते उठून विहिरीवर गेले.

आता निवडणुकीबद्दल. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येई. तो हुकूम आला की नानाजी भडकत. "चोर मोकळे अन् साव जमा! काहून? मी काय मतपेटीले गोळी घालतो?" रायफल पेटीत घालून, तोंडानं शिट्या वाजवत ते ठाण्यात जात आणि त्याच दिवशी घराला कुलूप लागे. निकाल लागेपर्यंत माणूस गायब. गल्ली म्हणे, म्हातारा रुसला, काशीला गेला असेल. मला बरं वाटे. एक तरी मागणी, तात्पुरती का होईना, पूर्ण झाली.

परत येत ते मात्र तुकतुकीत होऊन. अंगावर चार बोटं मांस चढलेलं आणि मानेवरचे केस ओळंब्यात सरळ.

"कुठं गेलं स्वावलंबन?" मी टोमणा मारे. "न्हाव्याकडे बसलात ना?"

"अर्धा श्वास सोड," एवढंच उत्तर.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. झेंडे लागले, भोंगे फिरू लागले, मी रोज दारोदार. आणि एका सकाळी नानाजी आमच्या फाटकात उभे. खांद्याला रायफलची पेटी, हातात कपड्यांची पिशवी.

"चल वं पत्रकबाई. ठाण्यात. साक्षीले."

"कशाची साक्ष?"

"अजून हुकूम नाही आला मले. सगळं काम ढिलं आहे यांचं."

मी स्कूटी काढली. पुढे माझी पत्रकांची पिशवी, मागे पेटी धरून नानाजी. चौकातल्या पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "युती झाली का जी?"

ठाण्यात पीएसआय मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. बंदोबस्ताच्या कामानं डोळे तारवटलेले. त्यांनी यादी पाहिली.

"आजोबा, तुमचं नाव नाही यात."

"नीट पाहा. किनखेडे."

"यावेळी सगळ्यांची नाही घेत आहोत. छाननी झाली. ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे जामिनावर आहेत, त्यांचीच. तुमच्यापासून काही धोका नाही."

माणसाचा एवढा अपमान झालेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. नानाजी खुर्चीवरून उठले.

"धोका नाही? माह्यापासून?"

"नाही ना. तुमच्यावर काही आहे का?"

"आहे ना! एका ठेकेदाराले मी थापड मारली होती. भर साइटवर. सिमेंटात राख मिसळून राहिला होता."

"तक्रार झाली होती?"

"कायची तक्रार करते तो! त्यानं माफी मागितली."

कोपऱ्यातला हवालदार म्हणाला, "मंग तर तुमाले बक्षीस द्या लागते, आजोबा."

मला राहवेना. "मॅडम, हे चूक आहे," मी म्हणाले. "माणूस पाहून शस्त्राचा धोका ठरवता येत नाही. भला माणूस घरात आणि रायफल कपाटात, कुलूप तोडायला किती वेळ लागतो? जमा करायची तर सगळ्यांची करा!"

"ऐका!" नानाजींनी माझ्याकडे बोट केलं. "शिकलेली पोरगी आहे. लिहून घ्या काय म्हणते ते."

आयुष्यात पहिल्यांदा आमची मागणी एकच होती. मॅडमनी कपाळ दाबलं.

"बरं. ठेवायचीच असेल तर ठेवा. साधा अर्ज द्या, स्वखुशीनं ठेवतो म्हणून. पावती घ्या आणि जा."

मला वाटलं, संपलं. आपण जिंकलो. पण नानाजी तसेच उभे.

"स्वखुशीनं नाही." शिटी वाजली. "हुकूम द्या."

"हुकूम कसा देऊ? गरजच नाही."

"मंग मी ठेवत नाही."

"मग घरी न्या."

"घरी बी नेत नाही."

"मंग काय जी," हवालदार म्हणाला, "टेबलावर ठेवून आरती करू?"

मीही चिडले. "नानाजी, ठेवायला आलात ना? मग एवढं हटून कशाला बसता? सही करा आणि मोकळे व्हा."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. अख्ख्या ठाण्यानं ऐकलं. एका लहान मुलीचा आवाज होता.

"आजोबा! आमच्याइथं पण झेंडे लागले! रिक्षावर भोंगा फिरून राहिला. तुमची बंदूक नेली का पोलिसांनी?"

"रायफल," नानाजी सवयीनं म्हणाले.

"नेली का पण?"

"नेऊन राहिले."

"मग आज येता ना? आईनं कैची काढून ठेवली. बाबा म्हणाले, तेच स्टँडवर येतात चंद्रपूरले."

"येतो," नानाजी म्हणाले. फोन बंद करायला त्यांना वेळ लागला. बटण सापडत नव्हतं.

मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. उजवीकडे घसरलेले केस. काशी नव्हती, न्हावी नव्हता; माधुरीताईचं घर होतं. घरात शस्त्र असताना मालकानं घर सोडू नये, हा त्यांचाच नियम. आणि स्वतःच्या मर्जीनं त्या दारात जायचं नाही, हा त्यांचाच शब्द. सरकारनं रायफल हिसकावून नेली की दोन्ही एकदम सुटत. घर राखायला काही उरत नसे, आणि जाणं मर्जीनं होत नसे. त्या मुलीला तर निवडणूक म्हणजे आजोबा येण्याचा सण वाटत असणार.

आणि यंदा सरकारनं त्यांना निरुपद्रवी ठरवून टाकलं होतं.

"नानाजी," मी हळूच म्हणाले, "अर्धा श्वास सोडा, मग बोला."

त्यांनी सोडला.

मॅडमनी खुर्चीजवळची कपड्यांची पिशवी पाहिली. मग फोन पाहिला. मग त्यांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर चढवली आणि उभ्या राहिल्या.

"ओ किनखेडे!" आता आजोबा नाही, काही नाही. "आचारसंहिता लागलीय आणि तुम्ही हुकूम नसताना हत्यार घेऊन भर रस्त्यानं आलात? ही रायफल आत्ताच्या आत्ता जमा होणार. निकाल लागेपर्यंत मिळणार नाही. एक शब्द बोलायचा नाही!"

नानाजींच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"ही जबरदस्ती आहे!"

"आहे."

"मी निषेध करतो!"

"बाहेर जाऊन करा."

त्यांनी पेटी उघडली, रायफलीवरून फ्लॅनेलचं फडकं फिरवलं आणि हवालदाराला सांगू लागले, "नळी खाली टेकवू नका. ओलीच्या भिंतीले लावू नका."

"माहीत आहे जी. दर निवडणुकीले सांगता."

पोलिसांच्या अरेरावीवर मी आजवर पुष्कळ पत्रकं काढली आहेत. त्या दिवशी ती डोळ्यांसमोर घडली आणि मी गप्प उभी राहिले.

गणेशपेठच्या स्टँडवर त्यांना सोडायला मीच गेले. वाटेत ते मागून ओरडत होते, "पत्रक काढ याच्यावर! म्हाताऱ्याची रायफल हिसकावली म्हणून लिही! मोठ्या अक्षरात!" चंद्रपूरची गाडी लागली होती. ते क्षणभर थांबले.

"जावई चांगला आहे," ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "हे पत्रकात नको."

पत्रकात मी छापलेलं नाही.

पण मी सरळ बोलणारी आहे, राहवलं नाही. "नानाजी, मर्जीनं गेलात तर कधीही जाता येईल. दिवाळीला जाता येईल, तिच्या वाढदिवसाला जाता येईल. पोरीनं काय पोटनिवडणुकीची वाट पाहायची?"

"शब्द दिला आहे, बाई."

"कुणाला दिला? तिला नको आहे तो."

मी वाट पाहत होते, तर्जनी वर जाईल म्हणून. ती गेली नाही. ते पिशवी घट्ट धरून उभे राहिले, मग पायरी चढले. आत लगेच कंडक्टरचा आवाज आला, "आजोबा, तुमाले तिकीट नाही लागत," आणि त्यावर नानाजींचा, "काहून नाही लागत? मी काय पार्सल आहे?"

गाडी हलली. ते खिडकीशी बसले होते, पाठमोरे, कंडक्टरला स्वावलंबन समजावत. घसरलेल्या केसांची ती मान दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. निकालाच्या दिवशी ती सरळ होऊन येणार होती.