गाणं कोणावर लिवलं?

इंद्रजीतचा बेत अगदी पक्का होता. आर्णीच्या सभागृहात सत्कार होणार, शाल खांद्यावर पडणार, मग निवेदिका विचारणार, "एवढं गोड प्रेमगीत सुचलं कसं?" त्यावर त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे, शीलाकडे, बघून नुसतं लाजायचं. संपलं!

त्याचं गाणं चक्क एका ऐतिहासिक साहसपटात आलं होतं. नवरा हेरगिरीला गेलेला, आणि नायिका गडाच्या तटावरून आळवते, "तीन दिस झाले उभी मी, हाक तुझी येईना!" सिनेमा लागल्यापासून शीला तांड्यावर घरोघर सांगत होती, "हे माह्यावर लिवलं!" इंद्रजीतने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

खरं म्हणजे ते गाणं जन्मलं जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर. लग्नाआधी एका वर्षी कापसाचा ट्रॅक्टर घेऊन तो तीन दिवस रांगेत उभा होता. नंबर काही पुकारला जाईना. शेवटी वैतागून त्याने कागदावर आळवणी केली, ती बाईची नव्हे, कापूस तपासणाऱ्या ग्रेडरची! हे फक्त मागच्या ट्रॅक्टरवरच्या लखीरामला ठाऊक होतं.

आणि लखीराम दुसऱ्या रांगेत बसला होता!

पाणी प्यायच्या निमित्ताने इंद्रजीत मंचावरून खाली उतरला आणि लखीरामच्या कानाशी लागला. "बावा, कोणी इचारलं तं शीलावर लिवलं म्हणजो. जिनिंगचं नाव काढू नको!"

"फिकर नको करू! असं सांगतो का पब्लिक रडन!"

इंद्रजीतला खरा घाम फुटला तो इथे.

निवेदिकेने तो प्रश्न विचारताच लखीराम उठला आणि थेट माईकवर गेला. "म्या डोयानं पाह्यलं! कळंबच्या गणपतीपाशी यानं पोरगी पाह्यली. पिवळी ओढणी! तीन दिवस नुसता रडून राह्यला होता!"

टाळ्या पडल्या. इंद्रजीत दोन्ही हातांनी थांब थांब करत होता. लखीरामला वाटलं, अजून पाहिजे!

"गालावर तीळ होता तिच्या!"

शीलाच्या गालावर तीळ नव्हता. कळंबला तर ती जन्मात गेली नव्हती! ती उठून उभी राहिली.

"कोण व्हय थे?"

इंद्रजीतने माईक हिसकावला. "कोणीच नोहे व! कापसाच्या रांगेत लिवलं. नंबर लागून नव्हता राह्यला म्हणून!"

"कापसाच्या नंबरासाठी कोणी असं रडते का?"

"रडते ना बाई!" मागून एक आवाज आला. मग दुसरा. मग अख्खं सभागृह बोलायला लागलं. सगळे कापूसवालेच! "आमी तं पाच दिवस रडलो!"

शीलाला पटलं. इंद्रजीतचा जीव भांड्यात पडला. त्याने शाल सारखी केली. तेवढ्यात शीला हळूच म्हणाली, "म्हंजे माह्यावर नोहेच."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. इंद्रजीतला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

"चाला घरी," ती म्हणाली. "वही घेऊन बसा. माह्यं गाणं झाल्याबिगर ताट नाही भेटत!"

याला आता पंधरा दिवस झाले. इंद्रजीत सध्या लखीरामकडे जेवतो.