चढ आला की बंद

या, जरा जवळ सरका. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. एका गाडीची, एका फादरांची आणि माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगतो. सगळी खरी आहे. जिथं थोडी वाढवेन तिथं तुम्हाला आपोआप कळेलच.

मी आदाल्बेर्तो. सिन्सेलेहो शहराच्या रस्त्यावर बावीस वर्षं मोटरसायकलवरून माणसं पोचवतोय. बायको शिंकली तर कशानं शिंकली ते मला सांगता येत नाही, पण गाडी खोकली की कारण सांगतो.

त्या वर्षी कार्मेनमातेच्या सणाला, म्हणजे आम्हा गाडीवाल्यांच्या आईच्या सणाला, फादर आबुंदियोंचं शेवटचं प्रवचन होतं. वय ब्याऐंशी. दुसऱ्या दिवशी त्यांना शहरातल्या म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात नेणार होते. फादर प्रवचन बोलत नसत, गात असत. एकदा त्यांनी सूर धरला की आमच्या गावातली भांडखोर माणसंसुद्धा एकमेकांना बसायला जागा करून देत. मी तर पहिल्या ओळीलाच रुमाल काढून ठेवायचो.

फादर राहायचे टेकडीवर. गावातली एकुलती जीप मातेच्या मूर्तीसाठी सजवलेली. मग फादरांना आणायचं कोणी?

"मी आणतो," मी थांब्यावर म्हणालो. "दहाच्या ठोक्याला चर्चच्या दारात."

"तुझी गाडी टेकडी चढेल का रे?" माझ्यासारख्याच गाडीवाल्या रेम्बेर्तोनं विचारलं.

"माझी गाडी भिंत चढेल."

आदल्या संध्याकाळी गाड्यांना आशीर्वाद झाला. फादर सब्जाची जुडी मंतरलेल्या पाण्यात बुडवून रांगेतल्या प्रत्येक गाडीवर शिंपडत गात होते: "वरवरचं पाणी उन्हात वाळतं, लेकरांनो, आशीर्वाद आत उतरू द्या." मी ढसाढसा रडलो. शेजारी सासूबाई, दोन्या उबाल्दिना (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब), मात्र कोरड्या डोळ्यांनी माझ्या गाडीकडे बघत होत्या.

"जावईबापू, दोनच थेंब पडले. तेही दिव्यावर."

"पुरे आहेत, आई."

त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाई गप्प बसल्या की सावध व्हावं, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या दिवशी नेमका विसरलो.

सकाळी किक मारली. घर्र. दुसरी, दहावी, विसावी. चोक ओढला, चोक सोडला. प्लग काढून पुसला, घासला, त्याच्यावर फुंकर मारली, त्याला चार प्रेमाचे शब्द सांगितले. शेवटी फट्फट् करत गाडी सुरू झाली, पण दम्याच्या पेशंटसारखी. सासूबाई दारात उभ्या होत्या, भलत्याच समाधानी.

"सावकाश जा. आज तुम्हाला काही होत नाही."

सपाट रस्त्यावर गाडी धावली. टेकडीचा पहिला चढ आला आणि बंद! हवेचा फिल्टर झटकला. सुरू झाली. दुसरा चढ, पुन्हा बंद. प्लग पुन्हा पुसला. तिसऱ्या चढावर मी उतरलो आणि ढकलायला लागलो. वाटेत एक गाढव भेटलं. आधी माझ्याकडे, मग गाडीकडे बघून ते बाजूला झालं. त्यालाही माझी दया आली.

फादर पांढरा झगा घालून, कॉफीचा थर्मास मांडीवर ठेवून अंगणात बसले होते.

"आदाल्बेर्तो, तू गाडीवर आलास की गाडी तुझ्यावर?"

उतारावर गाडी पाखरासारखी सुटली. फादर मागे बसून गळा साफ करत होते. गाव दिसायला लागलं, आंब्याचं झाड आलं, आणि झाडाशी एक चढ होता. इवलासा, कोंबडीनं उडी मारून पार करावा एवढा. गाडी तिथं मेली ती मेलीच. खाली दहाची घंटा झाली. मी किक मारतोय, घाम गाळतोय, आणि मनात एकच: अख्खं गाव वाट बघतंय, उद्या फादर जाणार, आणि त्यांचं शेवटचं गाणं माझ्या थापेपायी बुडणार.

"टाकी उघडून बघितलीस?" फादरांनी विचारलं.

"कालच भरली, फादर."

"कशानं?"

झाकण उघडलं. आत, पेट्रोलवर, सब्जाचं एक पान निवांत तरंगत होतं.

कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून थर्मासच्या झाकणात धार धरली. वर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी. चढावर ते सगळं मागं, नळीच्या तोंडाशी जमायचं आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तीर्थ मिळायचं.

"सासूबाईंना मी आज सोडत नाही!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस. 'आशीर्वाद आत उतरू द्या' म्हणून कोण गात होतं? आणि रुमाल भिजवून माना कोण डोलावत होतं?" फादर झाडाखाली बसले. "काल सगळे गेल्यावर तुझी सासू मंतरलेलं पाणी न्यायला बाटली घेऊन आली होती. म्हणाली, नेल्सिदोच्या गाडीवरही दोनच थेंब पडले होते."

नेल्सिदो सासूबाईंचा मुलगा. सिन्सेलेहोच्या रस्त्यावर ट्रकनं उडवला, माझ्या लग्नाच्या आधी. बारा वर्षांत त्यांनी माझ्याजवळ त्याचं नाव कधी काढलं नव्हतं.

मी नळी सोडवली आणि टाकीच्या तळाचं पाणी काढायला लागलो.

"रस्त्यावर नको," फादर म्हणाले. "मंतरलेलं पाणी आहे, पायदळी जाईल."

"झाडाला घालतो."

"पेट्रोल आहे त्यात. आंब्यानं काय पाप केलंय?"

शेवटी दोघांनी मिळून कॉफी संपवली आणि थर्मासमध्ये ते सगळं भरलं. थर्मास फादर पुढं आश्रमात घेऊन गेले. तिथल्या कॉफीला कसला वास येत असेल, देव जाणे.

एवढ्यात खालून ढोल ऐकू आला. वाट बघून कंटाळलेलं गाव मातेची जीप घेऊन स्वतःच वर येत होतं. पुढं रेम्बेर्तो, तोंडभर हसत.

"भिंत कुठाय रे, आदाल्बेर्तो?"

फादरांना मी माझ्या गाडीच्या सीटवर बसवलं, हँडल धरून उभा राहिलो, आणि शेवटचं प्रवचन आंब्याखाली झालं. फादर गायले: "टाकीत नका ओतू, लेकरांनो, माणसात ओता. माणूस चढावरही चालतो." कोणाला काही उमगलं नाही. सगळ्यात जास्त मान डोलावली सासूबाईंनी.

नंतर त्या जवळ आल्या. माझे हात, कोपर, गुडघे तपासले.

"बघा. एक ओरखडा नाही. पाण्याचा गुण आला."

"आला, आई," मी म्हणालो.

त्यानंतर नऊ वर्षं दर सणाला पहाटे त्या टाकीत पाणी ओतायच्या, आणि मी कोपऱ्याआड जाऊन ते काढायचो. नऊ वर्षं ओरखडा नाही, हेही खरं.

यंदा कडक उन्हाच्या दिवसांत त्या गेल्या. या सणाला गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. मी बंद केली, झाकण उघडून आत बघितलं. नुसतं पेट्रोल होतं.

तेव्हा एवढं करा. कधी तुमची गाडी चढावर बंद पडली, तर शिवी देण्याआधी एकदा दोन्या उबाल्दिनांचं नाव घ्या. मग प्लग बघा.